फळ्यावरचे बारा रकाने

साखर पेठेतल्या त्या कारखान्यात शिरलं की डाव्या भिंतीवर काळा रंग देऊन केलेला मोठा फळा दिसतो. पूर्वी त्यावर कामगारांची नावं असायची, आणि प्रत्येक नावापुढे त्या दिवशी मागावरून उतरलेल्या चादरींचे नग. आठवड्याचा पगार त्या आकड्यांवरून निघायचा. आता त्याच फळ्यावर बारा उभे रकाने आखलेत आणि नावांच्या जागी माल लिहिलाय : 'मोर, गडद निळा', 'चौकडा, मरून', 'टॉवेल जोडी, पांढरा'. रकान्यांची नावं वर ऑइलपेंटनं रंगवलेली आहेत. नमुना, सूत, रंग, ताणा, माग, शिलाई, घडी, फोटो, कोड, माहिती, मंजुरी, चालू. प्रत्येक चौकटीत खडूनं लिहिलेली एक तारीख, दुसरं काही नाही.

हा फळा आखला घरातल्या थोरल्या सूनबाईंनी. त्या घरी तेलुगू बोलतात, कामगारांशी सोलापुरी मराठी आणि फोनवर दिल्ली-लखनौच्या गिऱ्हाइकांशी हिंदी. कारखाना आठ मागांचा आहे. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. मी फळ्याकडं बघत उभी राहिले तसं त्यांनी 'चौकडा, मरून'च्या ओळीवर बोट ठेवलं. घडीपर्यंत तारखा होत्या, फोटोचा रकाना कोरा होता.

"कोरा रकाना म्हणजे कुणीतरी कुणाचीतरी वाट बघालाय, ताई," त्या म्हणाल्या. "कोण कुणाची, ते हुडकायचं माझं काम."

ऑनलाइन विक्रीबद्दल आपल्याकडं जे लिहिलं जातं ते बहुधा शेवटच्या रकान्याबद्दल असतं. विक्री किती झाली, सूट किती दिली, जाहिरात कशी केली. एखादी नवी वस्तू कल्पनेतून निघून गिऱ्हाइकाच्या पडद्यावर येईपर्यंत कुठंकुठं थांबते याची नोंद कुणी ठेवत नाही. सोलापूरचं बरंच नुकसान या नोंदीअभावी झालंय, असं माझं मत या फळ्यासमोर पक्कं झालं.

सोलापूरला कापडातलं काही कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही. जुनी गिरणी १८७७ साली उभी राहिली. पुढं नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आणि विष्णू आल्या. भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची. माझे आजोबा गिरणीत जॉबर होते. कुठला ताणा कुठल्या खात्यात आहे, कुठल्या मागावर सूत तुटतंय, हे ते घरी जेवताना सांगायचे. गिरणीत प्रत्येक खात्याची वही होती, माल एका वहीतून दुसऱ्या वहीत सहीनिशी जायचा. गिरण्या बंद पडल्या, तशा त्या वह्याही गेल्या. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी शहराच्या पूर्व भागात घरोघरी माग घातले होते, त्या मागांनी सोलापूरचं नाव जिवंत ठेवलं. पुलगम, चाटला ही नावं महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाली. लग्नात आहेराला सोलापुरी चादर, पाहुण्याला पांघरायला सोलापुरी चादर, बाळंतिणीच्या खाटेवर सोलापुरी चादर.

पण घरच्या कारखान्याला वहीची गरज वाटली नाही. मालक, माग आणि मुक्काम सगळं एकाच छताखाली. माल कुठं आहे ते मान वळवली की दिसायचं. चादर उतरली, काठ शिवले, गाठी बांधल्या, की चाटी गल्लीतला व्यापारी किंवा बाहेरगावचा आडत्या घेऊन जायचा. पुढं ती चादर कोल्हापुरात विकली गेली की नागपुरात, गिऱ्हाइकाला रंग आवडला की नाही, हे कारखान्याला कळायचं कारण नव्हतं. गाठ बांधली की काम संपलं.

फळ्यावर ही जुनी हद्द स्पष्ट दिसते. पहिले सहा रकाने सोलापूरला तोंडपाठ आहेत. पुढचे सहा नवे आहेत, आणि माल अडकतो तो बहुतेक तिथंच.

तरी पहिल्या सहांतल्या 'ताणा' या रकान्यावर थोडं थांबलं पाहिजे, कारण ऑनलाइन धंद्याचं आणि मागाचं मूळ भांडण तिथं आहे. सोलापुरी चादरीचं सूत आधी रंगवतात, मग विणतात. नक्षी जॅकार्डवर उठते आणि दोन्ही बाजूंना दिसते, एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा. उभ्या सुताचा ताणा बीमवर गुंडाळून एकदा मागावर चढवला की तो संपेपर्यंत रंग बदलता येत नाही. एका बीमवर चादरी शेकड्यानं निघतात. म्हणजे मागाला एका रंगाचे पुष्कळ नग हवेत. ऑनलाइन बाजाराला नेमकं उलट हवं असतं : रंग पुष्कळ, प्रत्येकाचे नग थोडे, आणि जो चालेल त्याचे पुढच्या पंधरवड्यात आणखी.

यातून सूनबाईंनी काढलेली वाट साधी आहे. ताणा पांढरा किंवा काळा असा एकच ठेवायचा आणि बाण्याचा, म्हणजे आडव्या सुताचा, रंग बदलत जायचा. कांड्या बदलल्या की त्याच बीमवर निळी, मरून, हिरवी अशा वीस-वीस चादरी निघतात. नक्षी तीच, त्यामुळं जॅकार्डला हात लावावा लागत नाही. या वीस चादरी म्हणजे परीक्षेचा माल. त्या बारा रकाने पार करून विकल्या गेल्या, तरच त्या रंगाचा ताणा भरायचा. सासरे सुरुवातीला चिडले. वीस नगांसाठी मागवाल्यानं कांड्या बदलत बसायचं का, असा त्यांचा सवाल होता. तो चुकीचा नव्हता. कांडी बदलायला वेळ जातो, आणि कामगाराला पैसे नगावर मिळतात. शेवटी परीक्षेच्या मालाला नगामागं जादा दर ठरला, तेव्हा गाडी पुढं गेली. नव्या मालाचा खर्च कामगाराच्या खिशातून वसूल करायचा नाही, एवढं या घराला उमगलं हे मला फार मोलाचं वाटतं.

आता 'माहिती' या रकान्याची एक गोष्ट. फळा आखल्यावर पहिल्या वर्षी निळ्या मोराच्या चादरी उत्तरेत बऱ्याच गेल्या आणि तितक्याच वेगानं परत आल्या. कारण सगळ्यांचं एकच : फार जाड आहे, गादीखाली खोचली जात नाही. सूनबाईंना आधी उलगडेना. गादीखाली कशाला खोचायची? मग लखनौच्या एका बाईंशी फोनवर बोलताना उजेड पडला. हिंदीत चादर म्हणजे अंथरायची. सोलापुरात चादर म्हणजे पांघरायची. आपण शंभर वर्षं ज्या शब्दावर धंदा केला, तो शब्द नर्मदेपलीकडं गेला की पलंगपोस होतो. मालात खोट नव्हती, भाव बरोबर होता, फोटोही चांगला होता, आणि तरीही पार्सलं परत येत होती. वर्ग बदलून चादर पांघरुणांत घातली, पहिल्याच ओळीत 'ओढने के लिए' असं लिहिलं, फोटोत झोपलेल्या मुलाच्या अंगावर चादर दाखवली. त्या कारणानं परत येणारा माल जवळजवळ थांबला.

ही चूक कुठल्या रकान्यात झाली हे शोधता आलं ते तारखांमुळं. मागावरची तारीख ठीक, फोटोची ठीक, आणि 'माहिती' एका संध्याकाळी घाईत भरलेली. त्या दिवसापासून माहितीच्या रकान्यात तारीख टाकण्याआधी ती ओळ महाराष्ट्राबाहेरच्या एका माणसाला वाचून दाखवायची, असा नियम झाला.

'घडी'चा रकाना बघून मला आधी नवल वाटलं होतं. घडी हा काय टप्पा झाला? सूनबाईंनी कपाटातून दोन चादरी काढून टेबलावर ठेवल्या. पहिली दुकानासाठीच्या घडीची, फुगीर, मोराची मान बरोबर वर येईल अशी. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची १२. दुसरी घट्ट दाबलेली, ३८, २८ आणि ८. वजन दोन्हींचं तेवढंच. पण बहुतेक कुरिअर कंपन्या काट्यावरच्या वजनासोबत आकाराचंही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून पाच हजारांनी भागतात आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे घेतात. पहिल्या घडीचं वजन असं भरतं २.८८ किलो, दुसरीचं १.७०. दुकानाच्या काचेसाठी आज्यापणज्यांनी बसवलेली ती देखणी घडी पार्सलमागं जवळजवळ सव्वा किलोचा भुर्दंड लावत होती. नफ्यातला मोठा वाटा त्यातच जायचा. घड्या घालणाऱ्या दोन बायकांना टेप आणि लाकडी साचा करून दिला, तेव्हापासून 'घडी' फळ्यावर आली.

फोटोचं थोडक्यात सांगते. पहिला फोटो बहुतेक संकेतस्थळांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो. ट्यूबलाइटखाली मरून रंग तपकिरी दिसतो, आणि तपकिरी बघून मागवलेली चादर मरून निघाली की ती परत येते. म्हणून गच्चीवर, सकाळी आठच्या उन्हात, पांढरा कपडा ताणून फोटो काढतात. मी गेले तेव्हा पाऊस होता, म्हणूनच तो चौकड्याचा रकाना कोरा होता.

'कोड' आणि 'मंजुरी' हे दोन रकाने सगळ्यात जास्त दिवस खातात. प्रत्येक रंगाला, प्रत्येक आकाराला आपला वेगळा क्रमांक लागतो. बारकोड घ्यायचा तर ८९० नं सुरू होणारा भारतीय क्रमांक जीएस-वन इंडियाकडून रीतसर घ्यावा लागतो. कराच्या वर्गीकरणाचा क्रमांक बरोबर लागतो. टेरी टॉवेल ६३०२ मध्ये येतो. वेष्टित मालाच्या नियमांप्रमाणं उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत, नग, तक्रारीसाठी संपर्क हे वेष्टनावर असावंच लागतं आणि २०१८ च्या जानेवारीपासून ते विक्रीच्या पानावरही द्यावं लागतं. यांतलं काहीच अवघड नाही. पण एकेक गोष्ट एकेका माणसाकडं असते. कर सल्लागार, छपाईवाला, घरातला पुतण्या. तिघांनाही वाटतं की दुसऱ्याचं झालं नसेल अजून.

दोन वर्षांपूर्वी अशीच टॉवेलांची पांढरी जोडी अडकली होती. तेव्हा फळा नव्हता. श्रावणात माल मागावरून उतरला, गणपतीत शिवून झाला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. एका संकेतस्थळानं नाममुद्रेचा पुरावा मागितला होता. तो निरोप एका ईमेलमध्ये पडून राहिला, ती ईमेल पुतण्याच्या फोनवर, आणि पुतण्या परीक्षेला. माल गोदामात आणि पान बंद अशी नवरात्र गेली, दिवाळी गेली. पान चालू झालं भाऊबीजेनंतर. शेवटी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एका ओळखीच्याच्या पालात ते टॉवेल ठेवून विकले, पडेल त्या भावानं. हे सांगताना सूनबाईंचा आवाज खाली आला. "माल वाईट असता तर एवढं वाटलं नसतं," म्हणाल्या.

आणि तो पुरावा होता काय? मालावर कायमची उमटलेली नाममुद्रा दिसेल असा फोटो. चादरींबाबत हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, कारण त्यांच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं असतं. नकली मालापासून बचाव म्हणून सासऱ्यांच्या वडिलांनी ते जॅकार्डमध्ये घालून घेतलं होतं. तेच नाव आता मंजुरीच्या रकान्यात उपयोगी पडतं. टॉवेलांना मात्र ते नव्हतं. आता तिथंही नावाची विणलेली पट्टी शिवतात, आणि ती 'शिलाई'च्याच टप्प्यावर.

नकली मालाचा विषय निघाला की पूर्व भागात कुणीही गप्प बसत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. देशात हे मानांकन मिळालेल्या अगदी पहिल्या वस्तूंत या दोन्ही आहेत. कायदा १९९९ चा, अंमल २००३ च्या सप्टेंबरपासून. खोटं मानांकन लावून माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. तरीही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून राजरोस विकला जातो, रस्त्यावरही आणि पडद्यावरही. मानांकन गावाला मिळतं, पण ते आपल्या मालावर लावायचा हक्क हवा असेल तर प्रत्येक उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करायची असते. तो कागद कपाटात असून भागत नाही. प्रत्येक नव्या मालाच्या पानावर तो चढवावा लागतो. या कारखान्यात तो 'माहिती' रकान्याचा भाग आहे. कागद चढला नाही तर तारीख पडत नाही.

मला इथं कळकळीनं म्हणायचंय की पानिपतवाला कापडात सोलापूरच्या पुढं गेलेला नाही. त्याचं पान आधी चालू होतं, एवढंच. गिऱ्हाईक 'सोलापुरी चादर' असं शोधतं, समोर जे येतं ते घेतं, आणि पहिल्या धुण्यात रंग गेला की नाव सोलापूरचं खराब होतं. आपली खरी चादर तेव्हा गोदामात घडी करून ठेवलेली असते, मंजुरीची वाट बघत.

फळ्याच्या तळाशी एक ओळ उलटी लिहिलेली आहे, उजवीकडून डावीकडं. ती दिवाळीची. मोठ्या संकेतस्थळांचे सणाचे सेल २०१४ पासून नवरात्राच्या आसपास होऊ लागले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घटस्थापनेला पान चालू हवं तर माल त्यांच्या गोदामात पितृपक्षापूर्वी, मंजुरी गणपतीच्या आधी, फोटो श्रावणाच्या उघडिपीत, माग आषाढात आणि नमुना ज्येष्ठात. वटपौर्णिमेला दिवाळीची नक्षी ठरलेली नसेल, तर ती त्या दिवाळीला विकता येत नाही. शेवटच्या तारखेपासून मागं मोजत यायचं, आणि जी तारीख चुकली तिथून पुढच्या सगळ्या पुसून नव्यानं लिहायच्या. पुसलेल्या खडूचा पांढरा डाग फळ्यावर राहतो. तो मुद्दाम धूत नाहीत. कुठला रकाना दरवर्षी चुकतो ते त्या डागांवरून कळतं.

तरी बाहेरून येणारा धक्का कुठल्याच रकान्यात बसत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि टॉवेल निर्यात करणाऱ्या सोलापूरकरांची झोप उडाली. त्यानंतर महिन्याच्या आत, २२ सप्टेंबरला, नेमकं घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. आधी हजार रुपयांपर्यंतच्या चादरीला पाच टक्के आणि त्यावर बारा टक्के होते, ती पाच टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली. गिऱ्हाइकाच्या फायद्याचं झालं, पण मोठ्या चादरींच्या किमती सेलच्या तोंडावर सगळीकडं बदलाव्या लागल्या. अशा वेळी कुठल्या रंगाचं पान चालू आहे, कुठलं मंजुरीत आहे, कुठल्याच्या पट्ट्या छापून झाल्यात हे ज्याला एका नजरेत दिसत होतं, त्याचं काम एका रात्रीत उरकलं.

हे सगळं संगणकावर ठेवता येत नाही का, असं मी विचारलंच. ठेवतात. रोज रात्री कारखाना बंद करताना सूनबाई फळ्याचा फोटो काढतात आणि तारखा फोनवरच्या तक्त्यात चढवतात. पण तक्ता त्यांच्यापुरता. फळा सगळ्यांचा. मागवाला पाणी प्यायला येतो तेव्हा त्याला दिसतं की त्यानं विणलेली निळी चादर चालू झाली. शिलाईवाल्या अक्कांना दिसतं की त्यांच्यामुळं कुणी खोळंबलंय. आणि या कारखान्याचा सगळ्यात कडक नियम असा की ज्यानं काम केलं त्यानंच खडू उचलायचा. दुसऱ्याच्या वतीनं तारीख टाकायची नाही. ज्यांना लिहिता येत नाही ते बरोबरची खूण करतात आणि आकडा शेजारचा टाकतो.

यंदा एक तेरावा रकाना वाढलाय. फळ्यावर जागा नव्हती, म्हणून तो शेजारच्या भिंतीवर गेरूनं आखलाय : 'परत'. पान चालू झाल्यावर पहिल्या तीस दिवसांत किती नग परत आले आणि कारण काय, ते तिथं एका शब्दात लिहितात. रंग. जाड. उशीर. आकार. सासरे रोज सकाळी आधी ती भिंत वाचतात, मग वर्तमानपत्र. 'आकार' हा शब्द तीनदा दिसला तेव्हा त्यांनीच एक चादर घरी दोनदा धुऊन टेपनं मोजली. धुतल्यावर ती थोडी आत आली होती. आता विक्रीच्या पानावर धुतल्यानंतरचं माप लिहिलेलं असतं.

निघताना पाऊस थांबला होता. पुतण्या पांढरा कपडा घेऊन गच्चीचा जिना चढत होता.

वाचकांना एक विनंती करते. या दिवाळीत फोनवरून सोलापुरी चादर मागवणार असाल तर भाव आणि तारे बघून झाल्यावर पान खाली सरकवा आणि उत्पादकाचा पत्ता वाचा. तो तिथं देणं कायद्यानं बंधनकारक आहे. सोलापूर शहराचा पिनकोड ४१३० नं सुरू होतो. पत्ता दिसला नाही किंवा भलत्याच गावाचा दिसला, तर ती चादर घेऊ नका.